तान्ह्या बाळाच्या तपासणीआधी पालकांना माहिती मिळावी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दूध पाजल्यावर वारंवार उलटी करणाऱ्या तान्ह्या बाळांच्या तपासण्यांविषयी, एक आई म्हणून आलेल्या अनुभवावरून, हे पत्र लिहीत आहे. आमची मुलगी दोन महिन्यांची असताना दर वेळी दूध टाकू लागली आणि रात्ररात्र रडू लागली, तेव्हा आम्ही तिला खानापूरहून बेळगावच्या एका रुग्णालयात नेले. तिथे बेरियमची क्ष-किरण तपासणी सांगण्यात आली. ती कशासाठी, हे मात्र कोणी सांगितले नाही. भुकेने कळवळणाऱ्या बाळाला उपाशी ठेवून, मग यंत्राखाली धरून बेरियमचे पांढरे द्रावण पाजताना आईच्या जिवाची जी घालमेल होते, ती शब्दांत मांडणे कठीण आहे. ‘रिफ्लक्स आढळला नाही’, म्हणजे जठरातले दूध उलट अन्ननलिकेत येताना दिसले नाही, असा अहवाल आला, बाळाचे दूध टाकणे मात्र चालूच राहिले.

ही तपासणी मुळात अन्ननलिका, जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग यांच्या रचनेत काही दोष आहे का, हे पाहण्यासाठी असते, असे पुढे दुसऱ्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितले. त्या काही मिनिटांत निरोगी बाळाचेही दूध वर येऊ शकते आणि त्रास असलेल्या बाळाचे येणारही नाही. म्हणूनच केवळ रिफ्लक्सच्या निदानासाठी ती करू नये, असे बालकांच्या पचनविकारतज्ज्ञांच्या २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. नाकातून अन्ननलिकेत बारीक नळी घालून सुमारे २४ तास आम्लता मोजण्याची तपासणीही आम्हाला सुचवली गेली होती. परंतु दुधामुळे जठरातील आम्ल सौम्य होते, त्यामुळे पाजल्यानंतर लगेच वर येणारे दूध या मोजणीतून निसटू शकते, हेही आम्हाला त्या बाईंकडूनच कळले. मुलीचे वजन व्यवस्थित वाढत असल्याने त्यांनी ती तपासणी टाळली आणि माझ्या आहारातून दूध व दुधाचे पदार्थ काही आठवडे बंद करून पाहण्यास सांगितले, कारण गाईच्या दुधातील प्रथिनांच्या ॲलर्जीची लक्षणेही अशीच असतात.

हिरवी किंवा रक्तमिश्रित उलटी, जोराने लांब फेकली जाणारी उलटी, फुगलेले पोट, ताप किंवा न वाढणारे वजन असेल, तर क्षणाचाही विलंब न करता बाळाला डॉक्टरांकडे न्यावे आणि ते सांगतील त्या तपासण्या कराव्यात. वजन वाढत असलेल्या, एरवी खेळकर बाळाचे दूध टाकणे मात्र बहुधा वर्षभरात आपोआप थांबते. एवढे जरी पहिल्याच भेटीत सांगितले असते, तरी आमच्या घरातली भीती पुष्कळ कमी झाली असती.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक माता मराठीच वाचू शकतात, आणि आमच्या पुढ्यात आलेले संमतिपत्र कन्नड व इंग्रजीत होते. तपासणी कशासाठी आहे, तिच्यातून काय कळणार नाही, बाळाला किती वेळ उपाशी ठेवावे लागेल आणि क्ष-किरणांचा वापर होणार आहे का, हे सांगणारे एक पान सहीपूर्वी कन्नडबरोबर मराठीतही देणे कोणत्याही रुग्णालयाला अवघड नाही. घरोघरी जाणाऱ्या आशा कार्यकर्त्या आणि बाळाचे वजन नोंदवणाऱ्या अंगणवाडी सेविका यांनाही धोक्याच्या या लक्षणांची माहिती द्यायला हवी. आपल्या दैनिकाने सीमाभागातील बालरोगतज्ज्ञांकडून या विषयावर सविस्तर लेख लिहून घ्यावा, अशी नम्र विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक माता, खानापूर