यावेळी दात बघूनच

सावदा,
9 डिसेंबर 2025

प्रिय अव्या,

फोनवर सांगितलं असतं तर पहिल्याच वाक्याला तू "परत?" म्हणून हसला असतास आणि पुढचं काही ऐकलं नसतंस. म्हणून कागदावर लिहितोय.

तर हो, परत. दोन सीटांची, टप उघडणारी, जमिनीला चिकटून चालणारी गाडी. शिव्या घालून झाल्या की पुढं वाच. तुझ्याकडे काम आहे.

परवा तात्यांना घेऊन सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो. एकमुखी दत्ताचं दर्शन झालं, मग तात्यांना घोडे बघायचे होते. वय 78, गुडघे गेलेले, पण घोडेबाजारात शिरले की काठी खांद्यावर टाकून चालतात. तिथं एक शहाद्याकडचे म्हातारे घोडी बघत होते. पांढरी, उंच, फोटो काढायला गर्दी. म्हाताऱ्यांनी रंगाकडे बघितलंच नाही. आधी ओठ वर करून दात पाहिले. मग पुढच्या पायावरून हात खाली खाली नेत खुरापर्यंत आले, चारही खूर उचलून बघितले. विकणारा म्हणाला, पळवून दाखवू का? म्हातारे म्हणाले, आत्ता नको, उद्या उजाडायच्या आत येतो. का, तर रात्रभर उभी राहिलेली घोडी सकाळी पहिली चार पावलं कशी टाकते ते बघायचं. दिवसभर फिरवून गरम केलेलं जनावर लंगडत असलं तरी लपतं.

तात्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "तू ती गाडी घेतली, तवा हे केलं होतं का?"

काय सांगणार? दिल्लीत संध्याकाळी साडेसात वाजता, दुकानाच्या पिवळ्या दिव्यांखाली घेतली होती मी ती. जानेवारी 2021. लॉकडाउन उठलेलं, त्या वर्षी केळीला भाव बरा मिळालेला, आणि डोक्यात नुसती हवा. मी पोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. मला वाटलं, आपल्यासाठी तयार ठेवलीय. मीटरवर 31,000 किलोमीटर. ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र झिजून मधे गुळगुळीत झालेलं, अगदी आपल्या शाळेच्या पायरीसारखं. ते मी पाहिलं होतं, अव्या. हात लावून पाहिलं होतं. आणि तरीही सही केली. टायरवरचा आकडा वाचायचा असतो हेसुद्धा नंतर कळलं. 2313 म्हणजे 2013 सालचा तेविसावा आठवडा. साडेसात वर्षांचे टायर घालून मी दिल्लीहून सावद्याला आलो. जिवंत आलो ही दत्ताचीच कृपा.

पुढचं तुला तुकड्यातुकड्यानं माहीत आहे. दिल्लीची एनओसी आणि जळगावचा एमएच 19 नंबर यातच पाच महिने गेले. पहिल्याच मे महिन्यात, 45 डिग्रीत, भुसावळच्या अलीकडे कूलंटची प्लास्टिकची टाकी तडकली. ती बदलली तर थर्मोस्टॅटचं घर गळायला लागलं, तेही प्लास्टिकचं. गिअरबॉक्स तापला की गाडी एकाच गिअरात अडकायची आणि बैलगाडीसारखी घरी यायची. पण खरी फजिती टपाची. ती तुला कधी नीट सांगितली नाही, कारण लाज वाटत होती.

सप्टेंबरात संभाजीनगरहून येत होतो. टप उघडा. अजिंठ्याचा घाट उतरलो आणि फर्दापूरच्या पुढं आभाळ भरून आलं. बाजूला थांबवून बटण दाबलं. तो पत्र्याचा टप, घडी होऊन डिकीत जाणारा. डिकीचं झाकण उलटं उघडलं, टप अर्धा वर आला आणि तसाच थांबला. मागं झाकण आकाशाकडे, मधे टप लटकलेला, खाली मी. पाऊस सुरू. बटण दाबतोय तर नुसतं टुंग टुंग. मागून केळीचा रिकामा ट्रक आला, ड्रायव्हर पारोळ्याकडचा. खिडकीतून डोकं काढून म्हणतो, "काय भो, तोंड उघडं ठेईसन कथा (कुठं) चालनी ही?" आणि हसत हसत उतरला. त्यानंच ताडपत्री काढली, सुतळीनं बांधून दिली. परदेशी गाडीवर केळीची ताडपत्री, आणि मी आत भिजलेल्या सीटवर. पैसे घेतले नाहीत त्यानं, फोटो मात्र घेतला.

गॅरेजवाल्यानं डिकीच्या बाजूचं अस्तर काढलं आणि आतून मूठ मूठ कुजलेला निंबाचा पाला बाहेर आला. पाणी वाहून जायच्या नळ्या पाल्यानं बुजलेल्या, त्यामुळं टप चालवणारं मोड्यूल पाण्यात बुडालेलं. आता हे पाप दिल्लीवाल्याचं नाही. अंगणातल्या निंबाखाली गाडी मी लावायचो. सावली चांगली म्हणून!

सीमानं एक वही केली होती, दोनशे पानी. त्यात फक्त या गाडीचा खर्च. विकली त्या दिवशी तिनं बेरीज करून वही माझ्या ताटाशेजारी ठेवली. 26 महिने गाडी घरी, त्यातले 11 महिने गॅरेजात. चालली 4,100 किलोमीटर. दुरुस्तीचे 7 लाख 40 हजार. म्हणजे पेट्रोल सोडून किलोमीटरला 180 रुपये. ती काही बोलली नाही. वरण वाढलं आणि आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग परत का? तू हेच विचारणार.

त्या 4,100 मधले चाळीसेक किलोमीटर असे होते की बाकी सगळं विसरायला होतं. डिसेंबरातली पहाट, रावेरवरून पालला जाणारा रस्ता. टप उघडा, कानटोपी, हीटर पायांवर. सातपुड्यात शिरलं की सागाच्या पानांचा वास येतो, एकेका वळणावर हवा अचानक गार होते, आणि गाडी तुझ्या कमरेतून वळतेय असं वाटतं. आपल्या एसयूव्हीतून तो रस्ता मी शेकडो वेळा गेलोय, शेतावर जातो तसा. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की त्या रस्त्याला किती वळणं आहेत. तू हे वाचून "वय झालं, खूळ लागलं" म्हणशील. 49 झालं खरं. पण दारू नाही, पत्ते नाहीत, तंबाखूसुद्धा सोडली. एवढं एक खूळ राहू दे.

खरं तर मला हवी ती गाडी इकडे मिळतच नाही. माझदाची मियाटा. 1989 साली आली, जेमतेम टनभर वजनाची, साधी, आणि 2016 पर्यंत दहा लाख बनल्या. माझदा आपल्याकडे विकतच नाही, आणि जुनी आणायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी देशात आणू देत नाहीत. तो विषय संपला.

म्हणून आता पोर्शे बॉक्स्टर बघतोय. 2014 ची, आधीपासून पुण्यात, म्हणजे महाराष्ट्राचाच नंबर, एनओसीसाठी दुसऱ्या राज्याच्या पायऱ्या झिजवायला नकोत. आरसी 2029 पर्यंत. इंजिन 2.7 लिटरचं, सहा सिलिंडर आडवे झोपवलेले, तीन इकडे तीन तिकडे, ताकद 265 पीएस. टर्बो नाही. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण आपल्या उन्हात जेवढी उष्णता कमी तेवढं बरं. 2016 पासून त्यांनी चार सिलिंडर आणि टर्बो लावला, ती नको. आणि टप कापडाचा! घडी होणारा पत्रा नाही, विजेवर नऊ-दहा सेकंदांत उघडतो, चालत्या गाडीतही 50 पर्यंत. इंजिन सीटांच्या मागं, मधोमध. पुढचं झाकण उघडलं तर डिकी, मागचं उघडलं तर तीही डिकी. आमच्या गल्लीत पहिल्या दिवशी काय होणार ते मी आत्ताच सांगतो. "इंजिन टाकायचं राहिलं का भो?"

मालक डॉक्टर आहेत. फोनवर मी विचारलं, गाडी लिफ्टवर चढवून आमच्या माणसाला दाखवाल का? म्हणाले, कुठल्याही गॅरेजात न्या, बिल तुमचं. सगळ्या सर्व्हिसची बिलं फाइलला लावलेली आहेत, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलल्याचंसुद्धा. दिल्लीवाल्यानं मला चहा पाजला होता, कागद दाखवला नव्हता. भाव इथं लिहीत नाही, कारण हे पत्र पाकिटात घालायच्या आधी सीमा वाचणार आहे.

तिची अट आहे, आणि ती मी मान्य केलीय. सहा लाखांची एफडी तिच्या नावावर, फक्त या गाडीच्या दुरुस्तीसाठी. मोडायची तर सही तिची. तेवढे पैसे बाजूला पडले नाहीत तर गाडी नाही. गेल्या वेळी मी सगळी रक्कम घेण्यातच घातली होती आणि पहिलं बिल आलं तेव्हा अडत्याकडून उचल घेतली होती. हे तुलाही सांगितलं नव्हतं.

निंबाखाली आता ट्रॅक्टर उभा राहील. केळीच्या गोडाउनचा एक कोपरा रिकामा केलाय, बॅटरीला चार्जर, आणि उंदरांचा बंदोबस्त, कारण वायरी कुरतडल्या की सगळं मुसळ केरात. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, मृगापर्यंत गाडी झाकून ठेवायची, कुणी कितीही म्हटलं तरी बाहेर काढायची नाही. गल्लीतले दोन गतिरोधक तिरके घेतले तर पोट घासत नाही, असं टेप लावून मोजलंय. सीमा खिडकीतून बघत होती.

आता तुझं काम. तुला गाड्यांचं वेड नाही, म्हणूनच तू हवास. माझा हात स्टिअरिंगला लागला की अक्कल जाते. मालकांना आधी सांगून ठेवलंय की सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्या गेल्या मागं धुराड्यावर हात धरून बघ, थंडगार पाहिजे. मग सुरू करायला सांग आणि तू मागं उभा राहून धूर बघ, आवाज ऐक. दोन्ही बाजूंना पुढच्या बंपरच्या जाळ्यांत टॉर्च मार. रेडिएटर तिथं आहेत आणि पाला-कचरा तिथं अडकतो. टायरचे चार आकडे वाच, चारही टायरचे. पेडलचं रबर बघ! आणि गॅरेजात कॉम्प्युटर जोडला की इंजिन एकूण किती तास चाललंय ते कळतं. मीटरवर 34,000 आहेत, त्याला त्या तासांनी भाग. सरासरी पंचवीस-तीस आली तर पुण्याच्या ट्रॅफिकमधली गाडी आहे, पटण्यासारखं. दहा-बारा आली तर मीटरला कुणीतरी हात लावलाय, तिथूनच रिक्षा करायची. गणितात तू पहिला यायचास, मला तिथं आकडे दिसणारच नाहीत.

आणि तुला काही खटकलं तर सगळ्यांसमोर बोलू नकोस, नुसतं "तात्या कसे आहेत?" असं विचार. मला कळेल. मी चिडेन, पाय आपटेन, चहासुद्धा घेणार नाही, तरी तू ऐकू नकोस. ओढून बाहेर काढ.

शुक्रवारी 19 तारखेला भुसावळहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं निघतो, शनिवारी पहाटे पुण्यात. स्टेशनवर येऊ नकोस, तुझ्या झोपेचं मला माहीत आहे, मी रिक्षा करून येतो. बामणोदची वांगी आणतोय, चार किलो. कापसाच्या पराट्यांचा जाळ तुझ्या फ्लॅटमध्ये जमणार नाही, तेव्हा गॅसवरच भाजू. भाकरीला कळण्याचं, ज्वारी-उडदाचं, पीठ सीमा देतेय. वहिनींना सांग, मिरच्या हिरव्या आणि तिखट पाहिजेत, पुणेरी नकोत.

गाडी घेतलीच तर परत येताना दुसरी सीट रिकामी आहे. चारशे किलोमीटर, अजिंठ्याचा घाट उतरून. ताडपत्री बरोबर घेतो.

तुझा,
किशोर

ता. क. सीमानं वाचलं. म्हणते, नवी वही आणलीय, शंभर पानीच.