डाव सोडायची एवढी काय घाई होती रे तुला?

सुऱ्या,

फोन उचलत नाही, मेसेजला नुसता अंगठा टाकतो आणि आता एकदम एवढं लांबलचक, त्यामुळे आधी मनसोक्त शिव्या दे आणि मग वाच. घरी सगळे ठीक. बाबांचं बीपी गोळ्यांवर, माझी शुगर बॉर्डरवर, डॉक्टर म्हणतात चाला, चालतो कधीमधी.

झालंय असं की माळा आवरताना तुझी ती निळ्या कव्हरची वही सापडली, जिच्यात तू आपले बुद्धिबळाचे सगळे डाव उतरवायचास आणि माझं नाव मुद्दाम बारीक अक्षरात लिहायचास. त्यात मिरजेच्या फायनलचा डाव. भाच्याने बसल्या बसल्या तो लिचेस नावाच्या बुद्धिबळाच्या साइटवर टाकला, मी शेजारी चहा घेत रुबाबात, म्हटलं बघ आता मामा काय खेळायचा ते. शेवटची खेळी झाली, माझा वजीर सातव्या ओळीत, पुढच्या खेळीला मात, तू घड्याळ थांबवून हात पुढे केलास तीच पोझिशन. आणि कोण वरचढ ते दाखवणारी कडेची ती पट्टी बरोब्बर निम्मी काळी, निम्मी पांढरी. ०.००. भाचा म्हणतो, "मामा, ह्या काकांनी सोडला का? ड्रॉ आहे की हा!"

पट काढ आणि लाव बघू. तुझ्या हत्तीने जी-२ चं प्यादं मारायचं. राजाने हत्ती घेतला की वजिराचा जी-४ वरून शह, राजा कोपऱ्यात, मग एफ-३ वरून शह, राजा परत, पुन्हा जी-४, पुन्हा एफ-३, दे रात्रभर. एफ-१ वर माझाच हत्ती ठाण मांडून बसलेला, त्यामुळे राजाला तिकडून पळायला वाव नाही. एवढं सोपं! आपल्याला दोघांनाही दिसलं नाही आणि आपले बुद्धिबळाचे सर मागे उभे होते, त्यांनाही नाही, नाहीतर त्यांनी नंतर तुझा कान पिळला असता.

आणि गंमत सांगू? त्याच वर्षी, ९७ च्या मे मध्ये, कास्पारोव्ह त्या डीप ब्लू कॉम्प्युटरकडून हरला तेव्हा आपण कट्ट्यावर केवढे भांडलो होतो. दुसऱ्या डावात त्याने हार मानली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच टीमने सांगितलं की अरे, शहावर शह देऊन ती बरोबरी होती. तू तेव्हा काय बोललास? "वर्ल्ड चॅम्पियन असा कसा सोडतो, मी असतो तर शेवटच्या प्याद्यापर्यंत खेळलो असतो." लेका, पावसाळा संपायच्या आत तूच तेच केलंस! कास्पारोव्हला वाटलं, सेकंदाला २० कोटी पोझिशन तपासणारं मशीन आहे, त्याने सगळं पाहिलं असणार. तुला माझ्याबद्दल तेच वाटलं. माझ्याबद्दल! ज्याला बारावीला इंटिग्रेशन सुटत नव्हतं.

झोप उडालीय ती ह्याच्यामुळे. इतकी वर्षं ती ट्रॉफी शोकेसमध्ये, येईल त्याला दाखवलीय, बायकोला तर लग्नाआधी दाखवली. मी समजत होतो तुला पटावर हरवलं, आणि तू तर माझं थोबाड बघून हरलास. मशीन माझ्या थोबाडाला घाबरलं नसतं. पण मग तुला घाबरवणं हा खेळाचा भाग नव्हता का? होता ना? की मी आता स्वतःची समजूत काढतोय?

रविवारी पोरांना शिकवतो तिथेही हेच. परवा एकाने घोडा देऊन असला देखणा डाव जिंकला की मी टाळी दिली. पोराने आधी फोनवरचं इंजिन, म्हणजे डाव तपासणारा प्रोग्राम, बघितलं. घोड्याच्या खेळीवर लाल प्रश्नचिन्हं, दोन, म्हणजे घोडचूक. चेहरा पडला त्याचा, आणि हरलेलं कार्टं खुशीत ओरडतंय, "इंजिनप्रमाणे मी जिंकत होतो!" म्हणजे आता हरणाराही जिंकतो आणि जिंकणाराच तोंड लपवतो. सरांच्या काळात हरलेला निदान गप्प तरी बसायचा (तू सोडून).

गुकेश-डिंगचा जगज्जेतेपदाचा शेवटचा डाव आम्ही क्लासमध्ये एकत्र बघितला होता, डिसेंबर २०२४. डिंगने हत्ती एफ-२ ला आणला, पट्टी धाडकन कोसळली आणि दहा वर्षांची पोरं "संपला, संपला!" करून नाचायला लागली. त्यातल्या एकालाही पट समजला नव्हता. गुकेशला मात्र पट्टी नव्हती रे, त्याला स्वतःच बघायचं होतं. ते दिसल्यावर त्याचा चेहरा बदलतो ना, तेवढाच तुकडा मी नंतर परत परत बघितला. त्याच्या कोचने त्याला लहानपणी बरीच वर्षं इंजिनपासून लांब ठेवलं होतं. मी हे पालकांना सांगितलं तर एक आई म्हणाली, सर, तुम्हाला ॲप वापरता येत नाही का?

बरं, तुझं काय? नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला का? काकूंच्या गुडघ्याचं मन्याकडून कळलं, फोन करणार होतो, राहिलाच. चिनूला बारावीचं अभिनंदन सांग.

आणि खरं खरं लिही, तेव्हा तुला नक्की काय दिसलं होतं? मात दिसली होती, की मी इतका निवांत बसलोय म्हणजे असणारच असं वाटलं? वहीचे फोटो पाठवतोय. भाच्याने मिरजेचा निकाल खोडून पेनने अर्धा-अर्धा लिहिलाय, मी त्याला एक धपाटा घातलाय. ट्रॉफी मिळणार नाही, विचारूही नकोस.

तुझाच,
बंड्या