अध्यक्षांना पत्र: ब-402 मधील कुत्र्याबाबत मध्यस्थीची बैठक लावण्याविषयी

मा. अध्यक्ष,
स.न.वि.वि.

या विषयावर पहिलं पत्र मी गणपतीच्या आधी दिलं. पोच आहे, उत्तर नाही. वार्षिक सभेत विषय काढला, तर "आपसात मिटवा" म्हणालात. आपसात मिटत असतं तर समितीकडे आले असते का?

वरच्या घरातली माणसं सकाळी कामावर जातात आणि कुत्रा संध्याकाळपर्यंत बाल्कनीत बंद असतो. तो भुंकतो, रडतो. खाली आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर त्याचं मूत्र गळतं. सासूबाईंचा दुपारी डोळा लागत नाही. आमच्या विंगेतल्या बहुतेकांचं हेच म्हणणं आहे, फक्त सही करायला कोणी पुढे येत नाही. याच घराच्या बाथरूमच्या गळतीतही आम्ही दोन पावसाळे काढले, तेव्हाही समिती गप्पच होती.

सचिव दर वेळी प्राणी कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक पुढे करतात, की सोसायटीला कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. बंदी मागितली कोणी? त्याच परिपत्रकात पाळीव प्राण्याचा इतरांना उपद्रव होऊ नये, हेही मालकांना सांगितलं आहे. शिवाय प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या 1960 च्या कायद्याचं कलम 11 वाचावं. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला नियमित फिरवण्यात हयगय करणं हा मालकाचा गुन्हा आहे. म्हणजे मी त्या मुक्या जिवाच्याही बाजूने बोलते आहे.

पोलिसांत जायची माझी इच्छा नाही. रोज एकाच लिफ्टने जायचं आहे. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात परिसरातल्या अशा वादांसाठी सामुदायिक मध्यस्थी सांगितली आहे. दोन्ही बाजूंची आधी संमती आणि तीन मध्यस्थ. त्याच धर्तीवर आपण बैठक लावावी. माझी संमती या पत्रानेच देते, त्यांची आपण लेखी घ्यावी. मध्यस्थ बाहेरचे असावेत. सचिव नकोत, त्यांची आणि ब-402 ची घरोब्याची मैत्री सर्वांना ठाऊक आहे. दिवसा कुत्र्याला सांभाळायला माणूस, बाल्कनीचं दार उघडं आणि रोजची सफाई, एवढं लेखी ठरलं की माझी तक्रार संपली.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास सगळ्या पत्रांच्या प्रती जोडून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करीन. बैठक रविवारी सकाळी ठेवावी, इतर दिवशी मला सुट्टी नसते.

आपली,
सभासद, ब-302