समुद्र शनिवारी, किल्ला रविवारी

सांगली

चि. ऋतास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमचा मालवणचा बेत ठरला आणि त्यात तू स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली बुडी, करणार आहेस, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. मात्र तू पाठवलेल्या कार्यक्रमात शनिवारी सिंधुदुर्ग किल्ला, रविवारी दुपारी स्कूबा आणि त्याच रात्री गोव्यातल्या मोपाहून बंगळुरूचे विमान असे ओळीने लिहिलेले दिसले, म्हणून हे पत्र लिहायला घेतले. फोनवर बोलले असते तर "आई, सहा मीटर तर जायचंय" एवढे म्हणून तू विषय संपवला असतास. मला जे सांगायचे आहे ते नेमके त्या सहा मीटरांविषयीच आहे, आणि ते सांगायला फोनवरची दोन वाक्ये पुरणार नाहीत.

गेल्या हिवाळ्यात शाळेतल्या सहकारी शिक्षिकांबरोबर मीही त्याच पाण्यात पहिल्यांदा उतरले, हे तुला ठाऊक आहेच. छायाचित्रे तू पाहिलीस, पण पाण्याखाली प्रत्यक्ष काय होते ते आपण कधी सविस्तर बोललो नाही. मला पोहता येत नाही. मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटली तेव्हा मी वरवर हसत होते आणि हात मात्र होडीच्या काठाला घट्ट धरून होते. डाव्या-उजव्या बाजूच्या नौकांमधून वाट काढत आम्ही किल्ल्याला वळसा घालून पलीकडच्या खडकांपाशी गेलो. कुरटे बेटावर 1664 मध्ये पाया घातलेला आणि तीन वर्षांत उभा राहिलेला तो तट समुद्राच्या बाजूने पाहायला मिळणे, एवढ्यासाठीसुद्धा ही सफर करावी असे मला वाटते. किल्ल्याभोवतीचे हे खडक आणि त्यांवरचे प्रवाळ मालवणच्या सागरी अभयारण्यात येतात. ते 1987 साली जाहीर झाले. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना ही गोष्ट लक्षात ठेव.

होडीत बसण्यापूर्वी एक अर्ज भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण, सध्याची सर्दी, अशी लांबलचक प्रश्नावली असते आणि बहुतेक मंडळी ती न वाचताच सगळीकडे "नाही" लिहून मोकळी होतात. तू तसे करू नकोस. लहानपणी तुझा कान वारंवार फुटत असे. आता त्याचा काही त्रास नसला तरी निघण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पडदा तपासून घे. हा अर्ज नुसता कागदोपत्री सोपस्कार का नाही, ते आता सांगते.

आंबोलीचा घाट उतरताना तुझे कान नेहमी दडे बसल्यासारखे होतात, आणि वर पिऊन रिकामी केलेली, झाकण घट्ट लावलेली पाण्याची बाटली सावंतवाडीला पोहोचेपर्यंत चेपलेली असते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंच आहे. एवढे उतरल्यावर हवेचा दाब साधारण आठ टक्क्यांनी वाढतो, आणि तेवढ्यानेच बाटली चेपते. आता हाच हिशेब पाण्यात कर. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे अख्ख्या आंबोली घाटात जो फरक पडतो तो पाण्यात एक मीटरसुद्धा खाली न जाता पडतो. सहा मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या 1.6 पट झालेला असतो. गंमत अशी की पृष्ठभागापासून दहा मीटरपर्यंत जाताना दाब दुप्पट होतो, पण तिथून वीस मीटरपर्यंत जाताना तो दीडपटच होतो. सगळ्यात मोठी उलथापालथ वरच्या उथळ पाण्यातच होते. "फक्त सहा मीटर" या शब्दांवर माझा आक्षेप आहे तो यासाठी.

शिडीवरून पाण्यात उतरल्यावर मला पहिली अडचण आली ती मात्र दाबाची नव्हती. सिलिंडरमधली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर दातांत धरला, चेहरा पाण्यात घातला आणि शरीराने श्वास घ्यायला चक्क नकार दिला. नाक मास्कमध्ये बंद, तोंडात रबर, आणि डोळ्यांसमोर पाणी दिसत असताना श्वास घ्यायचा नसतो ही जन्मापासूनची शिकवण. प्रशिक्षकाने घाई केली नाही. माझा हात शिडीवरच ठेवून त्याने मला फक्त चेहरा बुडवून श्वास सोडायला सांगितले. घ्यायला नव्हे, सोडायला. बुडबुड्यांचा मोठा खळखळाट झाला, छाती रिकामी झाली आणि पुढचा श्वास आपोआप आत आला. तो थोडा कोरडा, रबराचा वास असलेला होता, पण तो आला. तुझेही असेच अडले तर श्वास ओढण्याची धडपड करू नकोस, आधी सोड.

त्या यंत्राविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तू लहानपणी विचारायचीस, की लांब नळी तोंडात धरून विहिरीच्या तळाशी का बसता येत नाही? एखाद्या मीटरच्या खाली गेले की भोवतालचे पाणी छाती इतकी दाबते की वरची साधी हवा आत ओढणे आपल्या स्नायूंना जमत नाही. म्हणून हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाचीच मिळावी लागते, आणि तीही आपण श्वास घेऊ तेवढ्यापुरतीच. जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी 1943 मध्ये फ्रान्समध्ये तयार केलेला झडपेचा रेग्युलेटर हेच काम करतो. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये सुमारे 200 वातावरण दाबाने भरलेली हवा असते, आणि ती साधीच हवा असते. लोक त्याला सर्रास ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात, पण शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली विषारी ठरतो. आपल्या हवेप्रमाणेच त्यातही चार पंचमांश नायट्रोजनच असतो, आणि तुझ्या विमानाचा प्रश्न त्या नायट्रोजनपाशीच येतो.

पण आधी कान. नांगराच्या दोरीला धरून आम्ही खाली जाऊ लागलो आणि दोन मीटर होण्याच्या आतच कानात कळ आली. मास्कच्या मऊ भागावरून नाक चिमटीत धरायचे आणि बंद नाकातून हलकेच फुंकायचे, हे होडीवर शिकवले होते. ते दुखण्याआधीच, दर हातभर अंतरावर करायचे असते. दुखू लागल्यावर जोर लावून फुंकले तर पडद्याला इजा होते. मी कानाकडे बोट दाखवून तळवा आडवा हलवला, म्हणजे "काहीतरी बिघडले आहे" अशी खूण केली. प्रशिक्षकाने मला हातभर वर नेले, मी पुन्हा फुंकले, दोन्ही कानांत टक् असा आवाज झाला आणि कळ नाहीशी झाली. खुणांविषयी एक गोष्ट पक्की कर. अंगठा वर करणे म्हणजे पाण्याखाली "छान" नव्हे, तर "मला वर जायचे आहे". सगळे ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. आपल्याकडची मंडळी कॅमेरा समोर आला की हटकून अंगठा दाखवतात आणि बिचारा प्रशिक्षक त्यांना वर घेऊन येतो.

सगळ्यात महत्त्वाचा नियम होडीवर दोनदा सांगतात, मी तिसऱ्यांदा सांगते. श्वास रोखायचा नाही. सहा मीटरांवर छातीभर घेतलेली हवा पृष्ठभागावर 1.6 पट जागा मागते. तोंड मिटून वर आलीस तर त्या हवेला बाहेर पडायला वाट नसते आणि फुप्फुसाला इजा होते, आणि त्यासाठी दीड-दोन मीटरचा फरकही पुरतो. घाबरलेला माणूस नेमके हेच करतो, दम धरतो आणि वर झेपावतो. म्हणून काही झाले तरी श्वास चालू ठेवायचा आणि सावकाश वर यायचे. नको वाटले तर वर येण्याची खूण कर. पैसे भरले आहेत, मैत्रिणी पाहत आहेत, असला विचार तिथे आणू नकोस. आमच्यातल्या एक बाई शिडीवरूनच परत फिरल्या, आणि दिवसभर सर्वांत मजेत त्याच होत्या.

एवढे सगळे सांभाळल्यावर जे दिसते ते मात्र फार सुंदर असते. माझ्या हातावरचा पूजेचा लाल दोरा तळाशी गेल्यावर गढूळ तपकिरी दिसू लागला. लाल प्रकाश पाण्यात सर्वांत आधी शोषला जातो हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले होते, पण स्वतःच्या मनगटावर तो विझलेला पाहिला आणि मी खुळ्यासारखी हात वरखाली करत राहिले. मास्कमधून सगळे जवळ आणि साधारण तिसऱ्या हिश्शाने मोठे दिसते, त्यामुळे हात लांबवला की वस्तू अजून पुढेच असते. काळ्या उभ्या पट्ट्यांचे पिवळट मासे खडकाभोवती घोळक्याने होते. एका कपारीत फक्त जबडा उघडझाप करणारे एक तोंड दिसत होते, बाकीचे शरीर आत. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो त्याचा कटकट आवाज ऐकू येत होता, पण तो कुठून येतो ते काही केल्या कळेना. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच मिळतो, त्यामुळे दिशेचा अंदाज लागत नाही.

एक गोष्ट मला आवडली नाही. शेजारच्या एका होडीतून पर्यटकांच्या चित्रफितीसाठी पावाचे तुकडे पाण्यात टाकले जात होते आणि मासे त्या तुकड्यांवर तुटून पडत होते. अभयारण्यातल्या माशांना पाव खायला घालून जमवलेली गर्दी म्हणजे निसर्गदर्शन नव्हे. त्यांचे खाणे खडकावर आहे, आणि ते खडकावरच राहिले तर प्रवाळांवर शेवाळ माजत नाही. तुमच्या होडीवर कोणी पाव काढला तर तू स्पष्ट नको म्हण. खडकावर पाय टेकवून उभी राहू नकोस. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ती असंख्य बारीक जिवांची वस्ती असते, आणि मोडलेली फांदी भरून यायला वर्षे लागतात.

आता विमान. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये नेहमीपेक्षा जास्त विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू, श्वासावाटे बाहेर पडतो. तो पुरता निघून जाण्याआधी भोवतालचा दाब आणखी कमी झाला तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानाच्या आतला दाब जमिनीवरच्याएवढा नसतो, तो सुमारे 2400 मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतका खाली आणलेला असतो. म्हणून एका साध्या बुडीनंतर किमान 12 तास आणि एकाहून अधिक बुड्या मारल्यास किमान 18 तास विमानात बसू नये, असा सर्वमान्य नियम आहे. सहा मीटरांवरच्या थोड्या मिनिटांत फार नायट्रोजन मुरत नाही आणि धोका लहान असतो, हे मी मान्य करते. परंतु तिथे रमल्यावर तू दुसऱ्यांदा उतरणार नाहीस, याची खात्री मला नाही. तुझ्या ज्या मैत्रिणी रविवारी मोटारीने बेळगावला जाणार आहेत त्यांनाही हे सांग, कारण 600 मीटरच्या वर चढणे हेही या नियमात विमानप्रवासासारखेच धरतात, आणि त्यांच्या वाटेवर आंबोली आहे.

उपाय सोपा आहे आणि तिकीट बदलायचीही गरज नाही. शनिवार-रविवारची अदलाबदल कर. शनिवारी सकाळी समुद्र, रविवारी किल्ला. सकाळची वेळ दुसऱ्या एका कारणासाठीही चांगली. तेव्हा मतलई वारे पडत आलेले असतात आणि पाणी शांत असते. दुपारी खारे वारे सुटले की होडी नांगरावर डुलू लागते आणि पाण्यात उतरण्याआधीच अर्ध्या लोकांची पोटे ढवळतात. सकाळी दोन इडल्यांपेक्षा जास्त खाऊ नकोस. उलटीवरच्या गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन पाण्यात उतरू नये. आणि सर्दी झालीच तर नाक मोकळे करणारे थेंब घालून वेळ निभावून नेऊ नकोस. त्यांचा परिणाम पाण्याखाली असतानाच ओसरला तर वर येताना कानात आणि कपाळात अडकलेली हवा बाहेर पडत नाही. अशा वेळी होडीत बसून किल्ला पाहा.

हे सगळे आवडले तर पुढे रीतसर शिकता येईल. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. पहिल्या पायरीचा अभ्यासक्रम पुरा केला की 18 मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जाता येते. पहिल्या दिवशी तुला जे करायला मिळेल ते तेवढे नाही. प्रशिक्षक तुझा सिलिंडर धरून राहील आणि वरखाली नेण्याचे काम तोच करील. ते त्याला करू दे.

होडीवाल्यांना आजच फोन करून शनिवारची जागा मिळते का ते विचार आणि मला कळव. बाबांचे तुला आशीर्वाद. ते स्वतः पाण्यात उतरणार नाहीत, पण तुझ्या चित्रफितीची वाट पाहत आहेत.

तुझी,
आई

ता.क. चष्मा मास्कच्या आत बसत नाही. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, फक्त मास्कमध्ये पाणी शिरले तर डोळे मिटून घे, नाहीतर त्या वाहून जातील. एक जादा जोडी आणि चष्मा होडीवरच्या कोरड्या पिशवीत ठेव.