तुझ्या दोन फाइल्स

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

बिझनेस स्कूलच्या अर्जासाठी परवा तू पाठवलेल्या दोन्ही शिफारसपत्रांची प्रिंट काढली. "बाबा, इंग्रजी तेवढं बघून द्या, शनिवारपर्यंत" एवढाच तुझा निरोप, म्हणून निमूटपणे लाल पेन घेऊन बसलो. पहिल्या पानावर चार कॉमा आणि एक 'द' दुरुस्त केला. दुसऱ्या पानावर तुझे बॉस तुझ्याबद्दल म्हणतात की ही मुलगी कितीही ताण आला तरी क्वचितच तक्रार करते. हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती, ती थांबली आणि जी हसायला लागली! मग मी पेन खाली ठेवलं.

तू काही लपवलं नाहीस, हे आधी कबूल करतो. फोनवर सरळ सांगितलंस की सर म्हणाले, तूच लिहून टाक, बिझनेस स्कूलची पत्र भरायची लिंक मेलवर आली की तुझ्याकडे फॉरवर्ड करतो, सगळ्यांचं असंच असतं. मनू, "सगळ्यांचं असंच असतं" हे वाक्य मी तुझ्या सरांच्या कितीतरी आधीपासून वापरत आलोय. तेव्हा आता मी उपदेश करतोय असं वाटलं तर थोडं हातचं राखून ऐक.

मी कॉलेजात एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, असताना डिसेंबर आला की केबिनबाहेर रांग लागायची. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, त्यातली पंधरा-वीस अमेरिकेला अर्ज करणारी, प्रत्येकाची आठ-दहा विद्यापीठं आणि प्रत्येक विद्यापीठाला तीन पत्रं. तोंडी परीक्षा आणि टर्म वर्कचे मार्क ह्याच दिवसांत. मी म्हणायचो, "ड्राफ्ट करून आण, लेटरहेड क्लार्ककडून घे." मुलं गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जायची. त्याच्या कॉम्प्युटरवर 'रेको', म्हणजे रेकमेंडेशन, नावाचं फोल्डरच होतं. नाव बदलायचं, ब्रँच बदलायची, झालं. एकदा एका मुलीचं पत्र सही करून, शिक्का मारून, पाकीट चिकटवून झालं आणि मग तिला आठवलं की आत सगळीकडे मुलाचं इंग्रजी 'ही' आणि 'हिज' राहिलंय. चार पाकिटं फाडली. पाकिटाच्या झाकणावर आडवी सही करून वर सेलोटेप लावायची पद्धत होती, म्हणजे मुलांनी आतलं वाचू नये. जे त्यांनीच टाईप करून आणलेलं असायचं ते.

त्याहून मोठी गंमत फॉर्मवर होती. अमेरिकेत १९७४ सालचा एक कायदा आहे, त्याने विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क मिळाला. म्हणून शिफारसपत्राच्या फॉर्मवर विचारतात, हे पत्र पाहण्याचा हक्क तू सोडतोस का? सोडला तर वाचणाऱ्याला भरवसा वाटतो की लिहिणाऱ्याने मोकळेपणाने लिहिलं असेल. आमची मुलं त्या चौकटीत इमानेइतबारे टिक करायची आणि मग झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तेच पत्र बोल्ड करायचं की इटॅलिक, ह्यावर वाद घालायची. तुझ्या ऑनलाइन फॉर्मवरही ही चौकट असेल. तू काय टिक केलंस?

तेव्हा मला यात काही खटकत नव्हतं. कारण शोधायला फार लांब जायला नको. आपल्याकडे प्रवेश मार्कांवर होतात, सीईटी, गेट, कॅट. कोणी आपल्याबद्दल चार ओळी लिहिल्याने प्रवेश मिळतो हे आपल्याला ठाऊकच नाही. 'शिफारस' म्हटलं की आपल्याला चिठ्ठी आठवते, वशिला आठवतो. आणि सहीचा कागद म्हणजे दाखला. नगरसेवक न बघता रहिवासी दाखला देतात, मुख्याध्यापक न ओळखता 'वर्तणूक चांगली' लिहितात, मीही कैक वर्षं गुणपत्रिकांच्या झेरॉक्सवर मूळ प्रत न पाहता शिक्के मारले. ते साक्षांकनाचं नाटक आता बरंचसं बंद झालं, आपलं आपण सही करून चालतं. ठीकच आहे, कारण गुणपत्रिकेतला आकडा कोणीही सही केली तरी तोच राहतो. स्तुतीचं मात्र तसं नाही. ती कोण करतंय यावरच तिची किंमत.

आता एक प्रसंग सांगतो. हा तुला कधी सांगितला नव्हता, कारण त्यात माझीच शोभा झाली होती.

थर्मल लॅबमध्ये हीट एक्सचेंजरचं प्रॅक्टिकल असतं. गरम पाण्याने जेवढी उष्णता गमावली, जवळपास तेवढीच गार पाण्याने कमावली पाहिजे. एका वर्षी एका मुलाच्या जर्नलमध्ये गरम पाण्याने गमावलेल्यापेक्षा गार पाण्याने जास्त कमावली होती. म्हणजे भौतिकशास्त्राला रजा! बाकी साऱ्या बॅचची रीडिंग्ज छान जुळत होती. मी त्याचं जर्नल परत केलं. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा तेच आकडे घेऊन आला. मी पुन्हा परत केलं, आणि सगळ्यांसमोर दोन शब्द बोललो. तिसऱ्या खेपेला तो कँटीनमधून भांडंभर बर्फ घेऊन आला. तापमान मोजणारी दोन्ही थर्मोकपल बर्फाच्या पाण्यात बुडवली. एक शून्याजवळ, दुसरं चारच्या पुढे. म्हणजे चूक त्याची नव्हती, उपकरणाची होती. बाकीच्यांनी मागच्या वर्षीचं जर्नल उतरवलं होतं. आणि त्या सेटवर मी तीन वर्षं शिकवत होतो.

वर्षभराने तोच मुलगा रेकोसाठी आला, हातात ड्राफ्ट. सिन्सिअर, हार्डवर्किंग, पंक्चुअल. (पंक्चुअल तर तो अजिबात नव्हता.) त्यात बर्फाचा उल्लेखच नाही. त्याच्या दृष्टीने ती दोनदा जर्नल रिजेक्ट झाल्याची, सरांनी वर्गात झापल्याची गोष्ट होती, ती कोण अर्जात घालेल? तो ड्राफ्ट मी ड्रॉवरमध्ये टाकला आणि हाताने अर्धं पान लिहिलं, माझ्या सोलापुरी इंग्रजीत. पाकीट बंद करून दिलं. त्याचा प्रवेश त्या पत्रामुळे झाला की मार्कांमुळे, कोण सांगणार. आत काय होतं हे त्याला बहुधा आजही माहीत नसेल. बाकी वर्षांत मी शेकड्यांनी सह्या केल्या, त्यातलं एकही पत्र मला आठवत नाही.

आता तुझ्या फाइल्सकडे येतो. दोन वेगळ्या माणसांची पत्रं, पण दोन्हींत 'ओनरशिप' हा शब्द पाच-पाच वेळा. तुझ्या अर्जातल्या निबंधातही तो आहे. मी वाचला होता, म्हणून मला पटकन दिसलं. तिथे अर्ज वाचायला बसलेली माणसं रोज हेच वाचतात, त्यांना दिसणार नाही असं समजू नकोस. पण पकडली जाशील म्हणून मी हे लिहीत नाहीये. समज, नाहीच पकडली. पुष्कळ मुलं जातात तशीच.

बिझनेस स्कूलच्या त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे, तूच मला पाठवला होतास. तुम्ही ह्या उमेदवाराला सुधारणेसाठी दिलेली सर्वांत महत्त्वाची सूचना कोणती, आणि तिने ती कशी घेतली? तू उत्तर लिहिलंस की तू फार बारकाईने काम करतेस, त्यामुळे कधी कधी वेळ लागतो. बाळा, हे उत्तर नाही, ही लाजत लाजत केलेली स्तुती आहे. तुझ्यात काय कमी आहे हे तुझ्या सरांना माहीत असेल. तू त्यावर काय केलंस हेही त्यांनी पाहिलं असेल. तू त्यांच्या खुर्चीत बसून ते पाहू शकत नाहीस, मीही बसू शकत नाही. आणि खाली त्यांचं नाव आलं की ते खोटं होतं, मग एकेक वाक्य खरं का असेना.

दोष तुझ्यापेक्षा त्यांचा जास्त आहे, हे मला मान्य आहे. ज्याच्या हातात तुझी बढती आहे त्याला 'नाही' म्हणणं सोपं नसतं. माझ्या केबिनबाहेर उभ्या असलेल्या मुलांपैकी एकानेही मला कधी "सर, तुम्हीच लिहा ना" म्हटलं नाही, आणि म्हणणार तरी कसं?

तरी एकदा विचारून बघ. त्यांना म्हण, सर, प्रश्न असे आहेत की उत्तर मी दिलं तर ओळखू येतं, मला तुमची वीस मिनिटं द्या. जाताना एक पानभर माहिती घेऊन जा: कोणतं काम, कोणत्या महिन्यात, किती माणसांची टीम, काय बिघडलं, काय निस्तरलं. तेवढं देण्यात काहीच गैर नाही, माणूस विसरतो. पण विशेषणं त्यांची असू देत. लिहायला वेळच नसेल तर फोनमध्ये बोलून ठेवू देत आणि त्यांच्याच कोणाकडून टाईप करून घेऊ देत. इंग्रजी कच्चं राहिलं तर राहू दे. लिंक त्यांच्या मेलवर येऊ दे आणि तिथेच राहू दे.

ते नाहीच म्हणाले तर तुझी ती टीम लीड आहे ना, जिच्याशी तुझं रिलीजच्या रात्री वाजलं होतं, तिला विचार. हुद्दा लहान असेल, पण तिने तुला काम करताना पाहिलंय. वाजल्यानंतरचंही पाहिलंय. आणि तीही नाही म्हणाली तर प्रवेशाचा जानेवारीचा राउंड हुकेल, कदाचित वर्षही जाईल. इथे झोपाळ्यावर बसून हे लिहिणं मला सोपं आहे, तुला तिथे ते जड जाईल, कळतं मला.

प्रिंट मी परत पाठवत नाही. निबंधातले कॉमा तेवढे वेगळ्या मेलने पाठवतो, ते तुझेच आहेत. आईने 'क्वचितच तक्रार करते' ह्या ओळीचा फोटो काढून मावशीला पाठवला आहे, तेव्हा रविवारी तिचा फोन आला तर मला बोल लावू नकोस.

तुझा,
बाबा