पुस्तक दुकानात आहे, गुगलवर नाही

महोदय,
गिरगावात माझं मराठी पुस्तकांचं छोटं दुकान आहे. वेबसाइटवर ४,००० पुस्तकं चढवली, पण गुगलवर एकही सापडेना. कारण असं की, गिऱ्हाइकाने आमच्या साइटवरच्या शोधपेटीत नाव टाकलं तरच त्या पुस्तकाचं पान तयार व्हायचं. गुगलचा क्रॉलर, म्हणजे शोधासाठी वेबपानं वाचत फिरणारा प्रोग्राम, लिंकवरून लिंकवर जातो; आमच्या पेटीत तो नावं टाइप करत बसत नाही.

साइट गुगलवर आणून देणारा एक एजंट म्हणाला, वाचकाला दिसणार नाहीत अशी पांढऱ्यावर पांढरी अक्षरं लपवा, क्रॉलरला वेगळंच पान दाखवा. मी साफ नाही म्हटलं. ही लबाडी आहे, आणि पकडली गेली तर अख्खी साइट शोधातून बाद होऊ शकते.

शेवटी भाच्याने दोन रविवार बसून प्रत्येक पुस्तकाला स्वतःचा कायमचा वेब-पत्ता दिला, विषयवार याद्यांमधून साध्या लिंक काढल्या आणि गुगलच्या सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या सेवेत साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी, भरला. एका साइटमॅप फाइलमध्ये ५०,००० पत्ते बसतात, आणि त्याला पैसाही पडत नाही. पुढच्याच महिन्यात डोंबिवलीहून एका आजींचा फोन आला. रानभाज्यांवरचं जुनं पुस्तक त्यांना गुगलवर आमच्याकडे दिसलं होतं. शेवटचीच प्रत होती ती.

मराठी ग्रंथालयांना आणि प्रकाशकांना कळकळीची विनंती: साइट बनवणाऱ्याचं बिल चुकतं करण्याआधी, प्रत्येक पुस्तकापर्यंत नुसत्या लिंकने पोचता येतं का, एवढं तपासून घ्या.

– एक पुस्तकविक्रेता, गिरगाव, मुंबई