कमजोर जागेला हात न लावणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न.

नाव लिहू नकोस म्हणालात, म्हणून लिहीत नाही. इथली, कॅन्ससमधल्या विचिटा शहरातली मराठी मंडळी ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

जुन्या बाजारातून आणलेल्या त्या धनुष्याला दोरी चढवायलाच तुम्ही आधी नकार दिलात. उजेडाकडे धरून त्याच्या पाठीवरून, म्हणजे नेम धरताना समोर राहणाऱ्या बाजूवरून, कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिलात. लाकूड मात्र बघताक्षणी ओळखलंत: ओसेज ऑरेंज. तारेची कुंपणं येण्याआधी कॅन्ससच्या शेतांच्या कडेनं ज्या काटेरी झाडांच्या रांगा लावल्या, त्यातलंच. ताजं असताना हळदीसारखं पिवळं, उजेडानं तपकिरी पडत जाणारं.

धनुष्य ओढलं की पाठीला ताण बसतो आणि पोटाला, म्हणजे आपल्याकडच्या बाजूला, दाब. म्हणून पाठीवर लाकडाच्या वार्षिक वाढीचं एकच कडं या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड लागतं. कुणा अनामिकानं गाठीजवळ नेमकं तेच कापलं होतं आणि तिथं बारीक ढलपी उचलू लागली होती. फटीत पातळ सुपरग्लू मुरवायचा, वर लिननचा दोरा घट्ट गुंडाळायचा. हे काम त्या मानानं लवकर झालं.

खरं दुखणं वरच्या पात्यात, म्हणजे मुठीच्या वरच्या वाकणाऱ्या भागात होतं. मधली चार बोटं जागा बिजागरीसारखी मोडून वाकायची, बाकी पातं ताठच. तिथं आणखी एक पट्टी चिकटवून जाडी वाढवावी, असं मला वाटत होतं. दोघातिघांनी तर भिंतीवर टांगून टाक असंच सुचवलं होतं. तुम्ही म्हणालात, "कमजोर जागेला हात लावायचा नाही. तिच्या शेजाऱ्यांना पातळ कर."

मग तुमचा तो लाकडी ठोकळा आला, मधून पेन्सिल आरपार घातलेला. वाकलेल्या पात्याच्या पोटावरून तो सरकवायचा. बिजागरीपाशी ठोकळ्याखाली पोकळी जास्त, तिथं पेन्सिल टेकत नाही. ताठ भागात टेकते आणि रेघ उमटते. रेघ असेल तिथंच खरवडायचं, तेही पोटाकडून. पाठीला स्क्रेपर, म्हणजे खरवडायचं पातळ पोलादी पान, लावायचा नाही. इतकं साधं साधन मी अजून पाहिलेलं नाही. (माझ्या नवऱ्यानं त्याचं ॲप निघेल का असं विचारलं, त्यावर तुम्ही ज्या नजरेनं पाहिलंत ती मी विसरणार नाही.)

थोडं खरवडलं की दोरी कमी अंतरावर वीस-तीस वेळा ओढायची, कारण लाकूड बदल लगेच दाखवत नाही. दोष दिसला की त्यापुढे एक इंचही ओढायचं नाही. या दोन नियमांवर तुम्ही मला जितकं रागावलात, तितकी कॉलेजातही बोलणी खाल्ली नव्हती. त्याबद्दल वेगळे आभार. वरचं पातं गोलाईत आल्यावर खालचं त्याच्या जोडीला आणलं, पण किंचित ताठ ठेवून. पात्याचं दोरीपासूनचं अंतर वर 3 मिलिमीटर जास्त, कारण मुठीवरचा हात बाणाच्या खाली असतो.

दोरी मुठीच्या एका अंगाला पळत होती. त्यासाठी हीट गननं पातं तापवून क्लॅम्पमध्ये वळवलं आणि थंड झाल्यावरही काही दिवस तसंच ठेवलं. आटलेला ओलावा लाकडात परत येईपर्यंत तुम्ही ते वाकवू दिलं नाहीत.

ताकद जाणार हे तुम्ही सुरुवातीलाच सांगितलं होतं. आता ते 26 इंच ओढायला 36 पौंडांचा जोर लागतो. हरणाच्या शिकारीला कमी, मला भरपूर. सगळ्यात मोठे आभार मानायचे ते या गोष्टीचे, की स्क्रेपर तुम्ही एकदाही माझ्या हातून घेतला नाहीत. तुमच्या हातानं हे काम एका दुपारचं होतं, हे मला दिसत होतं.

काकूंना नमस्कार. ठोकळा अजून माझ्याकडेच आहे. शेजारच्या मुलानं धनुष्यासाठी हिकरीच्या चिवट लाकडाची फळी आणली आहे, तिचं होईपर्यंत राहू द्या.

तुमची,
रविवारची विद्यार्थिनी